तात्यांची बेल

तात्यांनी मासेमारीचं रीळ टेबलावर ठेवलं नाही, आपटलंच.

"दोनदा स्प्रिंग बदललंस. पैसे घेतलंस. काल परत एक जिग गेलो." जिग म्हणजे माशाला भुलवायचं धातूचं वजनदार आमिष.

मालवणातलं माझं दुकान मुळात शिलाई मशीन दुरुस्तीचं, वडिलांच्या हातचं. गळ टाकून मासे गरवायला जाणाऱ्या पोरांनी एकदा अडलेलं रीळ आणून दिलं, मी उघडलं आणि तेव्हापासून अर्धं टेबल रिळांचंच झालं. मला ते परकं कधी वाटलं नाही. मशीनमध्ये बॉबिन जागेवर असते आणि शटल तिच्याभोवती फिरतं. स्पिनिंग रिळातही लाइनचा, म्हणजे गळाच्या दोरीचा, स्पूल जागेवर आणि ती गुंडाळणारा रोटर भोवती फिरणारा. असलं रीळ 1905 साली काढणारा इलिंगवर्थ इंग्लंडात ब्रॅडफर्डचा गिरणीवाला होता हे कळलं तेव्हा नवल वाटलं नाही. त्याच्या रिळाला लाइन पकडून स्पूलवर नेणारी तारेची कमान नव्हती. पूर्ण कमान 1930 च्या दशकात हार्डी या इंग्लिश रीळ कंपनीने आणली. त्या कमानीला आम्ही बेल म्हणतो.

तात्यांची तक्रार त्या बेलचीच. जोरात फेकलं की जिग हवेत असतानाच बेल टपकन मिटायची. मिटली की लाइन बेलच्या टोकाच्या रोलरवर अडकणार, चाळीस ग्रॅमचा जिग वेगात, मग ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, कटकन तुटणार आणि जिग एकटाच किल्ल्याच्या दिशेने. एकेक जिग 350 रुपयांचा. तीन गेले होते.

बेल एकतर पूर्ण उघडी राहते नाहीतर पूर्ण मिटते, अधेमधे थांबत नाही. बेलच्या दांड्यातली स्प्रिंग मधला बिंदू ओलांडला की तिला पलीकडे ढकलते. हँडल फिरवलं की रोटरमधल्या एका पट्टीचं शेपूट बॉडीवरच्या उंचवट्याला धडकतं, बेल मधल्या बिंदूपलीकडे लोटली जाते आणि खटकन मिटते. त्यामुळे बेल आपसूक मिटली की पहिला संशय स्प्रिंगवर. मीही तेच केलं. एकदा बदलली. दुसऱ्यांदा जरा कडक बसवली. टेबलावर दोन्ही वेळा ठीक चालली, कारण टेबलावर कोणी रॉड झटकत नाही.

"तात्यानू, ह्या सुरू कधी झाला?" हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"मे महिन्यात तू सर्व्हिसिंग केलंस ना, त्याच्यानंतर."

मी बेल उघडली आणि रोटरला बोटाने हलकी टिचकी मारली. तो गर्रकन फिरला आणि बेल मिटली. कपाटात त्याच मॉडेलचं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं रीळ होतं. त्याची बेल उघडून तशीच टिचकी मारली. रोटर जेमतेम हलला आणि थांबला, कोणी आतून धरून ठेवल्यासारखा.

तेव्हा पोटात गोळा आला.

स्पूल काढला, मधला नट सैल केला, रोटर वर उचलला. खाली बॉडीच्या गळ्याभोवती एक काळं रबरी कडं असतं, कुकरच्या रिंगचं पिल्लू म्हणा. बेल उघडली की आतली पट्टी या रबरावर दाबून बसते आणि रोटर अडतो, म्हणजे फेकताना झटक्याने तो फिरू नये. हे कडं कोरडंच हवं. तात्यांचं कडं चकाकत होतं. त्यावर निळं ग्रीस, आणि ते निळं ग्रीस आख्ख्या बाजारात मी एकटाच वापरतो. खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून मे महिन्यात मी दिसेल तिथे चोपडलं होतं.

एक क्षण वाटलं, गुपचूप पुसावं आणि "झाला" म्हणावं. पण तात्या टेबलावर वाकून बघत होते. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस.

"ह्या ग्रीस रबरावर कित्याक?" त्यांनीच विचारलं.

"माझी चूक."

ते काहीच बोलले नाहीत, त्यापेक्षा शिवी परवडली असती. कडं साबणाच्या पाण्याने धुतलं, कपड्याने टिपलं, पंख्याखाली वाळवलं. पेट्रोल लावलं नाही, रबर फुगतं. रोलर मात्र काढून तेल दिलं. तो जाम झाला तर ब्रेड एकाच जागी घासून रोलरवर चर पडतो. बसवून टिचकी मारली. रोटर अडला.

तात्यांचा टेबलावरच्या चाचणीवर विश्वास उरला नव्हता. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती, तरी दोघं जेटीवर गेलो. त्यांनी पहिले चार फटके मुद्दाम बेताने मारले, मग अंगातला सगळा राग काढला. वीस-बावीस वेळा. बेल उघडीच राहिली. दर वेळी जिग पाण्यात पडला की ते हँडल न फिरवता हाताने बेल मिटवत होते. ही सवय चांगली, रोजच्या धडकेने आतली पट्टी झिजत नाही, पण त्या संध्याकाळी ते सवयीने करत नव्हते, संशयाने करत होते.

दुकानात परतल्यावर मी दोन्ही स्प्रिंगांचे पैसे पुढे केले. त्यांनी मोजून खिशात घातले आणि जिगांचा डबा स्वतःकडे ओढला. सगळ्यांत महाग तीन निवडले.