तुम्ही विचारलंत म्हणून: टाइमआउट लावूनही प्रोग्रॅम का अडकतो?

पायथन शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न मला हमखास येतो: "सॉकेटला दहा सेकंदांचा टाइमआउट लावलाय, तरी प्रोग्रॅम अर्धा तास तिथेच बसलाय. असं कसं?"

लावलात हे उत्तमच केलंत. पायथनच्या सॉकेटला, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनशी बोलण्याच्या टोकाला, आपसूक टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, नसतो. समोरच्या मशीनची वीज गेली, तर कनेक्शन तुटल्याचं कळवायला पलीकडे कुणी उरत नाही आणि तुमचा रिसीव्ह कॉल, म्हणजे आलेला डेटा वाचणारा कॉल, वाट बघत राहतो. वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचंही तेच. सांगितल्याशिवाय तीही वेळेची मर्यादा लावत नाही.

पण ते दहा सेकंद सगळ्या कामाला मिळून नसतात, दर रिसीव्हला नव्याने मिळतात. तुम्ही 4096 बाइट मागता, ते जास्तीत जास्त. एकच बाइट आला तरी कॉल परततो आणि पुढच्या कॉलला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. सर्व्हरने दर नऊ सेकंदांनी एकेक बाइट सोडला, तर 200 बाइटांच्या उत्तराला अर्धा तास लागेल आणि टाइमआउट एकदाही होणार नाही.

म्हणून शेवटची वेळ आधीच ठरवा. टाइम मॉड्यूलच्या मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या, घड्याळाच्या वेळेत तीस सेकंद मिळवून ठेवा, दर फेरीत उरलेला वेळ काढा आणि तेवढाच सॉकेटचा टाइमआउट ठरवणाऱ्या सेटटाइमआउटला द्या. साधं घड्याळ नको, सिस्टिमची वेळ मागेपुढे होऊ शकते. वेळ संपली असेल तर स्वतःच टाइमआउटएरर रेज करा. शून्य पुढे पाठवलंत तर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे अजिबात न थांबणारं, होईल आणि भलताच एरर हाती येईल. असिंकआयओत, म्हणजे एका वेळी अनेक कामं हाताळणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलमध्ये, असाल तर पायथन 3.11 पासून त्याचा टाइमआउट ब्लॉक ही एकूण वेळ सांभाळतो.

एका गोष्टीबाबत मात्र मी फार आग्रही आहे. उत्तर अर्धवट असताना टाइमआउट झाला, तर त्याच कनेक्शनवर दुसरी विनंती पाठवू नका. पहिल्या उत्तराचं शेपूट मागून येतं आणि दुसऱ्याचं उत्तर म्हणून वाचलं जातं. एरर दिसत नाही, डेटा तेवढा चुकतो, आणि असा दोष शोधणं महाकठीण. कनेक्शन बंद करा, नवं उघडा.

आणि रिसीव्हने रिकामे बाइट दिले, तर तो टाइमआउट नव्हे. पलीकडच्याने पाठवणं संपवलंय. तिथे लूपमधून बाहेर पडा, नाहीतर तो रिकामाच फिरत सीपीयू खात राहील.