मॅकचा बॅकअप विंडोजवर: फॉर्मेट करू नका, सगळं आत आहे

मॅकची डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की ‘वापरण्याआधी फॉर्मेट करा’ असा संदेश येतो. फॉर्मेट म्हणजे डिस्क पुसून टाकणं, म्हणून तिथे फक्त ‘कॅन्सल’ दाबायचं. हे सगळ्यात आधी लिहितोय, कारण पणजीतल्या एका दुकानात मला नेमकं उलट सांगितलं गेलं. काउंटरवरच्या मुलाने डिस्क जोडली, संदेश वाचला आणि म्हणाला, “डिस्क खराब जाल्या, फॉर्मेट करचीच पडटली.” तो माउस हलवायच्या आत मी केबल उपटली. त्या डिस्कवर आमच्या नाट्यमंडळाच्या कित्येक वर्षांच्या संहिता, जत्रेतल्या नाटकांचं चित्रीकरण आणि शिगम्याचे फोटो होते. मामांचा मॅक पावसाळ्यातल्या दमट हवेत कायमचा बंद पडला होता. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी जुनी संहिता हवी होती, आणि ती फक्त या बॅकअपमध्ये होती. म्हणून तो राग अजून गेलेला नाही.

डिस्क खराब नव्हतीच. मॅक १९९८पासून एचएफएस प्लस आणि २०१७पासून एपीएफएस या पद्धतीने डिस्क मांडतो. विंडोजला यातलं काहीच मुळात वाचता येत नाही, म्हणून ते तिला कोरी समजतं. मामांचा बॅकअप जुना, म्हणजे एचएफएस प्लसचा. एपीएफएस असेल तर विंडोजसाठी पॅरागॉनचं विकतचं सॉफ्टवेअर आहे. साध्या एचएफएस प्लस डिस्कसाठी एचएफएसएक्सप्लोरर फुकट मिळतं, फक्त जावा टाकावं लागतं. ते डिस्कवर काही लिहीत नाही, त्यामुळे भीती नाही.

मी मात्र पेन ड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक सिस्टिम) टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू केला. डिस्क लगेच दिसली. ‘बॅकअप्स डॉट बॅकअपडीबी’ नावाचा फोल्डर, त्यात तारखांचे फोल्डर, त्यात मामांचं नाव. आणि तिथेच अडलं. ‘डॉक्युमेंट्स’वर क्लिक केलं तर तो फोल्डर नव्हताच, शून्य बाइटची फाइल होती. ‘पिक्चर्स’ही तसंच. मागच्या तारखा उघडल्या, तिथेही शून्य. मामा शेजारी बसून विचारत होते, “गेलं काय रे सगळं?” मला काय सांगावं कळेना. पण डिस्कचं गुणधर्माचं पान शेकडो जीबी भरलेले दाखवत होतं, म्हणजे माल आत होता.

कारण समजलं तेव्हा जीव भांड्यात पडला. जो फोल्डर बदललेला नाही त्याची प्रत टाइम मशीन, म्हणजे मॅकचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, दरवेळी काढत नाही, जुन्याच प्रतीकडे दुवा जोडतं. खरा माल डिस्कच्या मुळाशी ‘डॉट एचएफएस प्लस प्रायव्हेट डिरेक्टरी डेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो, ‘डीआयआर’ आणि पुढे आकडा अशा नावांनी. लिनक्सला हे फोल्डरांचे दुवे उलगडत नाहीत, म्हणून रिकामी फाइल दिसते. पण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएस -एल’ (ls -l) दिलं की त्या रिकाम्या फाइलपुढे, परवानग्यांनंतरच्या रकान्यात, एक मोठा आकडा दिसतो. त्याच आकड्याचा ‘डीआयआर’ फोल्डर उघडायचा. मी ‘डॉक्युमेंट्स’चा आकडा शोधून उघडला आणि संहिता समोर! मामा उठून उभे राहिले. मला स्वतःचा खरंच अभिमान वाटला.

एकेक आकडा शोधत बसायचं नसेल तर टीएमएफएस नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो सगळे दुवे जोडून बॅकअप नेहमीसारखा दाखवतो. मी पुढचं सगळं त्यानेच केलं. ‘परवानगी नाही’ असं आलं तर घाबरू नका. मॅकवरच्या वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा असतो, आज्ञेच्या आधी ‘सुडो’ (sudo, म्हणजे प्रशासकाचा अधिकार) लावून कॉपी करा.

आणखी एक, आधी सांगायला हवं होतं: विंडोज ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करून मगच उबंटूत जा. फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजची डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. कॉपी दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर करणार असाल तर ती (बॅकअपची नव्हे) एक्सफॅट पद्धतीने फॉर्मेट करून घ्या. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि चित्रीकरणाच्या फाइली तिथेच अडतात. बॅकअपला पासवर्ड असेल तर तो हवाच, त्याला दुसरी वाट नाही. आणि फोंड्यात जूनमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही, इन्व्हर्टर नसेल तर मोठी कॉपी सुरू करू नका.

संहिता ‘पेजेस’ या मॅकवरच्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये होत्या, वर्ड त्या उघडत नाही. ब्राउझरमधून अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर चढवल्या आणि वर्डच्या रूपात उतरवून घेतल्या. फोटोंच्या लायब्ररीची फाइल विंडोजवर साधा फोल्डर दिसते. आत ‘ओरिजिनल्स’ किंवा जुन्या मॅकवर ‘मास्टर्स’ शोधा, मूळ फोटो तिथेच असतात.