टू-स्ट्रोक एंड्युरो पेट्रोल पितेय? मेन जेट राहू द्या तसाच

टू-स्ट्रोक डर्ट बाइक ॲव्हरेज देत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मोठं छिद्र) एक नंबर कमी कर. त्याने ट्रेलवरचं पेट्रोल फारसं वाचत नाही. उलट मोकळा रस्ता लागला, फुल थ्रॉटल दिला की पिस्टन सीझ व्हायची (सिलिंडरमध्ये अडकून बसायची) भीती तेवढी वाढते. जंगलात, ओढ्यात, घसरड्या चढावर थ्रॉटल बहुतेक वेळ बंद ते अर्धा एवढाच फिरतो. तिथे पेट्रोल किती जायचं हे पायलट जेट (आयडल आणि कमी थ्रॉटलचं पेट्रोल सोडणारा), एअर स्क्रू (त्यात मिसळणारी हवा ठरवणारा) आणि नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) ठरवतात. मेन जेटचं खरं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे.

इथलं सगळं कार्ब्युरेटरवाल्या २५०-३०० सीसी एंड्युरोंबद्दल, म्हणजे ट्रेलवर लांब चालवायच्या डर्ट बाइकबद्दल आहे. २०१६ पर्यंतच्या केटीएम ३०० ईएक्ससीवर केहिन पीडब्ल्यूके ३६ यायचा, नंतर काही मॉडेलांवर मिकुनी टीएमएक्स ३८ आला, असे कार्ब डोळ्यांसमोर आहेत. डर्टसाठी तयार केलेल्या आरएक्स १०० किंवा १३५ ला तत्त्व तेच, आकडे वेगळे.

आधी मोजा, पण नीट मोजा. गाडी स्टँडवर सरळ उभी करून टाकी फुल ते फुल. ३०० सीसीच्या धडधाकट गाडीने अवघड ट्रेलवर लिटरला १० ते १२ किलोमीटर दिले तर तक्रारीला जागा नाही. सहा-सातवर आली तर काहीतरी बिघडलंय. तरी किलोमीटरचा हिशेब डोंगरात फसवा असतो, एकाच चढावर अर्धा तास झटापट केली तर मीटर जागचा हलत नाही. म्हणून तासाला किती लिटर गेलं हेही लिहून ठेवा. साधारण ट्रेलवर तासाला दोन-अडीच लिटर ठीक.

टू-स्ट्रोक मुळातच उधळा आहे. ट्रान्सफर पोर्ट (मिश्रण आत यायची वाट) आणि एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची वाट) काही वेळ एकदमच उघडे असतात, त्यामुळे ताज्या मिश्रणातलं बरंचसं न जळताच बाहेर पडतं. एक्स्पान्शन चेंबर (सायलेन्सरआधीचा फुगीर पाइप) त्यातलं काही परत सिलिंडरमध्ये ढकलतो, पण ठरावीक आरपीएममध्येच. कमी थ्रॉटलला सिलिंडरमध्ये जळका धूर जास्त उरतो, मिश्रण दर फेरीला पेट घेत नाही आणि गाडी भडभड करते. ते न पेटलेलं मिश्रणही सायलेन्सरवाटेच जातं. तो भडभड आवाज जितका कमी, तितकं पेट्रोल टाकीत.

जेटिंगला, म्हणजे जेट-नीडल-स्क्रूच्या जुळवणीला, हात लावण्याआधी गळती बघा. कार्बच्या खालच्या ओव्हरफ्लो नळ्या एका काचेच्या बरणीत सोडा, कॉक चालू ठेवा, रात्रभर गाडी सरळ उभी राहू द्या. सकाळी बरणीत पेट्रोल दिसलं तर फ्लोट नीडल (कार्बमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी छोटी सुई) गेली. तिच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली डोळ्यांना दिसते. नवी टाका आणि तिची बैठकही कापसाच्या काडीने पुसा, नुसता मातीचा कण अडकला तरी हीच गळती होते. फ्लोटची उंची तपासायला कार्ब उलटा धरा. फ्लोटची पट्टी नीडलच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकलेली असताना फ्लोट बाऊलच्या कडेला समांतर हवा. पातळी वर असेल तर सगळीकडेच रिच (मिश्रणात पेट्रोल जास्त; उलट म्हणजे लीन) चालणार, मग जेट किती का बदला. गाडी आडवी झाली की नळ्यांतून पेट्रोल वाहणारच, तेव्हा पडल्यावर आधी गाडी उचला, हात-पाय नंतर तपासा. टेम्पोत चढवली की कॉक बंद.

दुसरा चोर चोक. त्याच्या प्लंजरच्या तळाचं रबर कडक झालं किंवा केबल थोडी ताणलेली राहिली की चोक कायम जरासा उघडा राहतो. एअर फिल्टरचा फोम तेलाने थबथबला असेल तरी गाडी रिच होते. तेल लावल्यावर फोम दाबून पिळायचा, पिरगाळायचा नाही, नाहीतर जोड उसवतात. मग रीड ब्लॉक (कार्ब आणि इंजिनमधला पाकळ्यांचा एकतर्फी व्हॉल्व्ह) काढून उजेडाकडे धरा. पाकळ्यांच्या कडेतून प्रकाश दिसला किंवा टोकं झडलेली असली तर क्रँककेसमधली हवा मागे फेकली जाते. तीच हवा जेटवरून पुन्हा जाते, पुन्हा पेट्रोल उचलते.

हे सगळं ठीक असेल तर पायलट. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. आयडल थोडा वाढवा. एअर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, जोर लावला तर टोक चेपतं. मग पाव-पाव आटा बाहेर काढत चला, दरवेळी पाच-सहा सेकंद थांबा. आवाज सगळ्यांत वर चढतो ती तुमची जागा. एक ते दोन आट्यांत सापडली तर जेट बरोबर. अडीच आटे बाहेर आला तरी आवाज चढतोच आहे, म्हणजे पायलट मोठा आहे, ४२ असेल तर ४० किंवा ३८ घाला. एका आट्याच्या आतच सापडली तर जेट लहान पडतोय. केहिन आणि मिकुनी, दोन्ही कार्बवर हा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की लीन होतो. फोर-स्ट्रोकच्या फ्युएल स्क्रूची सवय असलेले इथे हमखास उलटं फिरवतात.

नंतर नीडल. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला थ्रॉटल एक तृतीयांशवर धरून ठेवा. भडभडली तर क्लिप एक खाच वर, म्हणजे नीडल खाली, म्हणजे लीन. गाडी धापा टाकल्यासारखी मागेपुढे करू लागली किंवा खणखण आवाज आला तर लगेच परत खाली. एका वेळी एकच खाच, आणि मधे दुसरं काही बदलायचं नाही. जुन्या गाडीत नीडल काढून सरळ भागावरून नख फिरवा. पायरी लागली तर ती घासली आहे, आणि घासलेल्या नीडलशेजारून पाव थ्रॉटललाच जास्तीचं पेट्रोल निसटतं. क्लिपने ते भरून निघत नाही, नीडलच बदलावी लागते.

हवेचं गणितही धरा. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना जुळवलेली गाडी मे महिन्यात ४० अंशांना साधारण पाच टक्के रिच होते. पुण्याहून (५६० मीटर) लेहला (३,५०० मीटर) नेली तर हवा जवळपास पाव हिश्शाने विरळ होते आणि मिश्रण १४ टक्क्यांच्या आसपास रिच. तिथे मात्र मेन जेटही कमी करावा लागतो, आणि खाली उतरण्याआधी न विसरता परत मोठा घालावा लागतो.

आता सगळ्यांत नाजूक भाग. आपल्या पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जेटिंग तेच ठेवलं तर गाडी आपोआप आठेक टक्के लीन झालेली असते. वर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के कमी. ॲव्हरेज तेवढं पडणारच, ते कार्बमधून परत मिळत नाही. युरोपातल्या रायडरचे जेटचे आकडे बघून तसेच घालू नका, त्यांच्या पेट्रोलात इथेनॉल बरंच कमी असतं. थ्रॉटल सोडल्यावर आयडल खाली यायला वेळ लागत असेल तर गाडी लीन आहे, किंवा इग्निशन बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं रबरी सील) हवा ओढतंय. दोन्ही घातक.

ऑइल कमी करून पेट्रोल वाचत नाही. ३२:१ (३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) वरून ५०:१ वर गेलात तर मिश्रणातलं पेट्रोल जेमतेम एका टक्क्याने बदलतं. सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेल ठिबकतं ते बहुतेक वेळा रिच जेटिंगमुळे. १० लिटरला ४०:१ म्हणजे २५० मिली, ६०:१ म्हणजे १६७ मिली, कंपनीने सांगितलंय तेच मापाने घाला. धूर खूप आणि गिअर ऑइलही कमी होत असेल तर क्लच बाजूचं सील तपासा, जेटिंग निर्दोष आहे.

पॉवर व्हॉल्व्ह (आरपीएमप्रमाणे एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठा करणारा) कार्बनने उघडा अडकला की खालचा दम जातो, मग हात आपसूक जास्त पिळतो. चिकटलेला मागचा ब्रेक आणि घसरणारा क्लच यांचंही तेच. ट्रेलपर्यंत डांबरी रस्ता लांब असेल तर पुढचं स्प्रॉकेट १३ ऐवजी १४ दात्यांचं लावा, त्याच वेगाला इंजिन सात टक्के कमी फिरतं. फक्त अवघड चढावर पहिला गिअर लांब वाटेल आणि क्लच जास्त वापरावा लागेल, हे धरून चाला. इतकं करूनही दिवसभराची फेरी टाकीत बसत नसेल तर मोठी प्लॅस्टिकची टाकी घ्या, दोन-तीन लिटर जास्त मावतात.