ऐरोलीची खाडी, मावशी आणि रोहित

साताऱ्याची मावशी ठाण्याला आली की तिला काय दाखवायचं, हा दरवेळचा प्रश्न. तलावपाळी झाली, उपवन झालं, मॉल तिला सगळे सारखेच वाटतात. यंदा फेब्रुवारीत तिनंच विषय काढला. "ते गुलाबी पक्षी दाखव की गं, मोबाइलवर सारखे येतात." म्हणून ऐरोलीच्या फ्लेमिंगो सफारीचं बुकिंग केलं. वेळ मिळाली सकाळी सव्वासातची. बोट भरतीच्या हिशोबानं सुटते, पाणी उतरलं की गाळात रुतते. मावशी मात्र साडेचारलाच उठून वेणीफणी करून बसली होती.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरली, दिघा गेलं की ऐरोली. ही गाडी 2004 साली सुरू झाली. त्याआधी कोपरखैरण्याला आत्याकडे जायचं तर ठाणे-बेलापूर रस्त्यानं बसमधून. त्या रस्त्याच्या कडेनं 1960च्या दशकापासून एमआयडीसीचे रासायनिक कारखाने. बाबा खिडकी लावून घ्यायचे, पण वास काचेला जुमानायचा नाही. एका ठिकाणी सडक्या अंड्यांचा, पुढे नेलपॉलिशसारखा गोडसर, मग घसा खवखवेल असा काहीतरी. डोळे मिटून बसलं तरी कुठला नाका आला ते नाकालाच कळायचं. आत्या म्हणायची, "दिवसा काही नसतं, रात्री दोननंतर सोडतात मेले." मुद्दाम रात्री सोडत असतील का, हे तेव्हा कुणी सिद्ध करून दाखवलं नाही. पण थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, धूर वर चढत नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. आत्याच्या खोकल्याला त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग झाला नाही. आज त्याच रस्त्यावर काचेच्या आयटी पार्क उभ्या आहेत आणि वास बराच कमी झालाय. रात्रीची तक्रार अजून पूर्ण गेलेली नाही.

सफारीच्या केंद्रावर नारिंगी जॅकेटं घातली. मावशीच्या नऊवारीवर ते जॅकेट असं बसलं की बोटवाले काकासुद्धा हसले. काका इथल्याच कोळीवाड्यातले. सुरुवातीला बोट तिवरांमधल्या अरुंद पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना हिरवीगार भिंत, खाली चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं. फोटो काढायला मोबाइल वर केला तर दिसलं, फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या अगदी एका ओळीत लटकलेल्या. दोरी बांधून वाळत घातल्यासारख्या. "ही मागच्या उधाणाची खूण," काका म्हणाले, "पानी हितपर्यंत चढला होता."

मावशीनं पदर नाकाला लावला. काका म्हणाले, "दोन मिन्टं थांबा, सवय होते."

खरंच झाली. तेच मला नंतर जास्त खटकलं.

उघड्या खाडीत आलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. मागे पारसिकचा डोंगर, खाणींनी कुरतडलेला. लांबवर ऐरोलीचा पूल, पाण्यातच उभे विजेचे मनोरे. पलीकडच्या मुलुंडच्या काठावर जुन्या कचराभूमीचा ढिगारा. तिथे कचरा टाकणं 2018 साली थांबलं, तरी ढीग टेकडीसारखा पसरलेला. त्याच काठावर भांडुप पंपिंग स्टेशन. पक्षीवेडी मंडळी हे नाव काशी-पंढरपूरच्या भक्तिभावानं घेतात, पण ते पंप आहेत सांडपाण्याचे. ठाणे, मुंबईची पूर्व उपनगरं आणि नवी मुंबई, तिन्ही बाजूंचं पाणी या सुमारे 26 किलोमीटरच्या ठाणे खाडीत येतं. ठाण्याच्या टोकाला ती इतकी निमुळती आणि उथळ होते की भरती-ओहोटीनं धुऊन निघत नाही. आलेलं बरंचसं तिथेच घुटमळतं.

आणि मग ते दिसले.

आधी वाटलं, चिखलावर कुणीतरी गुलाबी चादर टाकलीय. काकांनी इंजिन बंद केलं. शेकडो असतील की हजारो, मी मोजायच्या भानगडीत पडले नाही. सगळ्यांच्या माना खाली, चोच उलटी, पाय नाचवत चिखल ढवळणं चाललेलं. मध्येच एक थवा उठला आणि पंखांखालचा लाल-काळा रंग उघडा पडला. मावशीनं नकळत हात जोडले. रोहित, अग्निपंख, किती नावं दिली आहेत आपण या पक्ष्याला, आणि सगळी त्याला शोभतात.

बोटीत एक शाळकरी मुलगा होता. त्यानं विचारलं, "यांचा रंग पाण्यामुळे येतो का?" त्याची आई हसली, मला मात्र तळोज्याचे कुत्रे आठवले. ऑगस्ट 2017 मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीतले भटके कुत्रे चक्क निळे होऊन हिंडत होते, रंगाच्या कारखान्यातल्या रसायनामुळे. तेव्हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. रोहितांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो. लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो जातीचा पक्षी, मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, आणि त्या शेवाळातली रंगद्रव्यं त्याच्या पिसांत उतरतात. आता शेवाळ इथे एवढं का माजतं? सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्याचं खत. हे पक्षी इथे एवढ्या संख्येनं जमण्यामागे ते एक मोठं कारण असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे आपल्या संडास-मोरीचं पाणी त्या पंखांपर्यंत पोचलेलं आहे, आणि आम्ही तिकीट काढून ते बघायला आलो होतो.

हेच शेवाळ मेलं, कुजलं की पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मासे गुदमरतात.

"माज्या बापानं पाग टाकला का टोपलीभर बोईट," काका सांगत होते. "निवट्या तर पोरं हातानं धरायची. जिताडा गावला तर घरात सण. आता जाल्यात पिशव्या येतात. आन् मासा गावला तरी त्याला घासलेटचा वास."

"मग धंदा?"

"हाच की. मासा नाय म्हणून मानसं भरतो बोटीत."

मावशी म्हणाली, "आमच्याकडं कारखान्याची मळी सुटली की नदीत मासे उताणे पडत्यात." काकांनी मान हलवली. त्या दोघांचं जे जुळलं त्यात मला फारशी जागा नव्हती.

2015 मध्ये या खाडीचा जवळपास 1,690 हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. तिवरं वाचली ती अशा कायद्यांमुळे आणि न्यायालयांमुळेच, ते नाकारता येणार नाही. नवी मुंबई तर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवते, चौकाचौकांत पुतळे उभे केलेत. बोयटाचा पुतळा मला अजून दिसलेला नाही.

परतताना मावशीनं हट्ट धरला, कोळीवाड्यात आलोच आहोत तर मासे घेऊन जाऊ. गल्लीच्या तोंडाशी एक आजी पाटी मांडून बसल्या होत्या. कोळंबी, बोंबील, दोन हलवे. मावशीनं कोळंबी हातात घेऊन पारखली.

"ताजी आहे ना? खाडीचीच ना ही?"

आजींना तो आरोप वाटला असावा. पाटीवर पाणी शिंपडता शिंपडता त्या ठासून म्हणाल्या, "नाय गो बाय! खाडीची कशाला इकीन? मुंबयच्या बंदरावरची, भाऊच्या धक्क्याची हाय. पाटं चारला जाऊन आनलीय."

खाडी तिथून पन्नास पावलांवर होती. मावशीनं अर्धा किलो घेतली.