चेंबर उतरवण्याआधी एक वायर काढून बघा

चालत्या इंजिनवर ऑइलची लाल लाइट पेटली तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, यात दुसरा विचार नाही. ऑइलचं प्रेशर खरंच गेलं असेल तर क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंग बघता बघता खलास होतात. म्हणून पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर ती लाइट लुकलुकायला लागली, तसा मी थांबलो. इंजिन जरा निवल्यावर डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल पुरेसं होतं. खाली गळती नव्हती, टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेचा, खडखडाटही ऐकला नव्हता. तरी गाडी पुढे चालवली नाही. टोइंगवाल्याला बोलावून ती साताऱ्यातल्या एका गॅरेजला पोचवली.

तिथे बॉनेट उघडताच निकाल लागला. "साहेब, ऑइल पंप गेलाय. चेंबर उतरवायला लागंल. बेअरिंगपण बघून घेऊ."

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं. प्रेशर कुणी मोजलं नव्हतं. माझी जुनी पेट्रोल गाडी, तिचं इंजिन आजवर उघडलेलं नाही, आणि न मोजता ते उघडू द्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय लक्षण जुळत नव्हतं. प्रेशर कमी असेल तर लाइट सहसा इंजिन तापल्यावर, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना) पेटते आणि ॲक्सिलरेटर दिला की विझते, कारण पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो. माझ्या गाडीचं उलट होतं. उभी असताना लाइट बंद, चढावर जोर लावला की लुकलुक. तीव्र चढावर ऑइल मागे सरकून पंपाच्या जाळीत हवा शिरू शकते, पण ते ऑइल कमी असेल तर. माझं ऑइल भरलेलं होतं.

माझ्या गाडीतलं हे सर्किट इतकं साधं आहे की ते समजून न घेता पंपावर बोट ठेवायला नको वाटतं. इग्निशन चालू केलं की डॅशबोर्डच्या मीटरमधल्या बल्बला एका बाजूने १२ व्होल्ट मिळतात. दुसऱ्या बाजूने एकच वायर निघून इंजिन ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर स्विचपर्यंत जाते. इंजिन बंद असताना स्विचचा कॉन्टॅक्ट जुळलेला असतो, बल्बला ब्लॉकमधून अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळते आणि लाइट पेटते. इंजिन सुरू झालं, प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेलं, की आतला पडदा दाबला जाऊन कॉन्टॅक्ट सुटतो आणि लाइट विझते. म्हणजे लाइट पेटली याचा खरा मतलब एवढाच, की त्या वायरला कुठेतरी अर्थ मिळाली. स्विचमधूनच मिळाली, असं बल्ब सांगू शकत नाही.

गॅरेजवाल्यांकडे प्रेशर गेज नव्हता. एमआयडीसीत ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे तो मिळाला. नेमका आट्यांचा अडॅप्टरही त्यांनी शोधून दिला. "आधी मोजा, मग खोला," एवढंच ते म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

गेज लावण्याआधी स्विच जागेवर असतानाच तपासणी केली. इग्निशन चालू, इंजिन बंद: लाइट पेटली. स्विचवरची वायर काढली: विझली. वायरचं टोक ब्लॉकला टेकवलं: पुन्हा पेटली. बल्ब ठीक, वायर तुटलेली नाही. मग मल्टिमीटरची एक प्रोब स्विचच्या टर्मिनलला, दुसरी ब्लॉकला. इंजिन बंद असताना जवळपास शून्य ओहम, सुरू केल्यावर सर्किट पूर्ण उघडं. स्विचही नीट काम करत होता. स्विच स्वस्त असतो, म्हणून "बदलून टाकू" असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. चांगला भाग बदलून दोष जात नाही.

मग स्विच काढून तिथे गेज बसवला, वायरचं टोक टेपने गुंडाळून हवेत लटकतं ठेवलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. गरम इंजिनवर आयडलिंगला एक किलोच्या (किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक बार) थोडं वर, तीन हजार आरपीएमला तीन किलोच्या पुढे. काटा जराही थरथरत नव्हता. पंपाचा प्रश्न तिथेच मिटला.

तेवढ्यात गाडीत बसलेला पुतण्या ओरडला, "काका, लाइट पेटली!" मी ॲक्सिलरेटरची केबल झटक्यात ओढली होती. वायरला स्विच जोडलेलाच नव्हता आणि तरी लाइट पेटली. म्हणजे मीटर ते स्विच या वाटेवरच वायर कुठेतरी बॉडीला लागत होती.

इंजिन बंद केलं, इग्निशन चालू ठेवलं, पुतण्याला लाइटकडे बघत बसवलं आणि हार्नेस, म्हणजे टेपने बांधलेला वायरींचा जुडगा, हाताने वीत-वीत हलवत गेलो. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटजवळ पोचलो आणि त्याने आवाज दिला. टेप सोडली तर आत इन्सुलेशन घासून तांबं चकाकत होतं, समोर ब्रॅकेटची धारदार कड. हार्नेस धरून ठेवणाऱ्या क्लिपची जागा रिकामी होती. लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं, त्यासोबत ब्रॅकेट सरकतो आणि कड तांब्याला टेकते. घाटातलं कोडं उलगडलं.

बॅटरीची निगेटिव्ह काढून खराब तुकडा कापला, त्याच जाडीची वायर सोल्डर केली, वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि कॉरुगेटेड पाइप चढवला, नवी क्लिप लावून हार्नेस ब्रॅकेटपासून लांब बांधला. स्विच परत लावताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू दिली नाही. एका टर्मिनलच्या स्विचला अर्थ आट्यांमधूनच मिळते. टेपने ती तुटली तर खरं प्रेशर जाईल तेव्हाही लाइट पेटणार नाही, आणि ते सगळ्यात वाईट. शेवटी इंजिन चालू ठेवून आट्यांपाशी ऑइल पाझरत नाही ना, ते पाहिलं.

ही पद्धत जशीच्या तशी प्रत्येक गाडीला लागू होत नाही. अनेक नव्या गाड्यांत स्विचचा सिग्नल ईसीयूमार्फत (इंजिनच्या कंप्युटरमार्फत) मीटरला जातो, काहींत प्रेशर नसताना स्विच उघडा असतो, काहींत स्विचऐवजी सेन्सर असतो. तिथे वायर अर्थला टेकवण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघायलाच हवा. आणि कोणत्याही गाडीत या वायरला बॅटरीची पॉझिटिव्ह थेट जोडून बघू नका. स्विच जोडलेला असेल तर तो थेट शॉर्ट होईल.