हॉल तिकीट, झेरॉक्सचं दुकान आणि ओटीपी

कोल्हापुरात दहावी-बारावीच्या मुलांना ऑनलाइन माहिती जपायला शिकवताना मी हॅकरचं नावच काढत नाही. मुलांची माहिती फुटते ती फॉर्म भरायच्या गडबडीत. म्हणून तासाची सुरुवात हॉल तिकिटापासून.

फळ्यावर खोटं हॉल तिकीट काढायचं. बोर्डाचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. दोन्ही त्यावर छापलेली असतात, आणि तेच पोरं हौसेनं स्टेटसला टाकतात. एवढं दाखवलं की पुढचं फार समजवावं लागत नाही.

मग मास्क्ड आधार. माय आधार पोर्टलवर लॉगिन करून डाउनलोड करताना मास्क्डच्या चौकटीत टिक करायची. पहिले आठ अंक झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर बहुधा वडिलांचा आणि वडील कामावर, त्यामुळे शाळेत हे जमत नाही. घरी संध्याकाळी करायला लावतो. फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. म्हणजे ज्याला तुमचं वय माहीत, त्याला फाईल उघडते. पासवर्डच्या भरवशावर ती ग्रुपवर टाकू नये. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला पूर्ण क्रमांक लागतोच, तो सरकारी पोर्टलवर स्वतः भरावा. नुसती ओळख म्हणून झेरॉक्स मागितली तर मास्क्ड प्रत द्यावी आणि तिच्यावर आडवं कारण व तारीख लिहावी.

खरा वेळ मी झेरॉक्सच्या दुकानावर घालवतो. दुकानदार वाईट नसतो, सीझनला त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवतो, तो ती उतरवून घेतो. नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी चॅटमधून जाते, त्याच्या डाउनलोड्समध्ये राहतेच. प्रिंट हातात आली की तिथंच उभं राहून फाईल डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही काढून घ्यायची. तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल, तर मोबाईलमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन लॉग आउट करायचं.

सगळ्यात महागात पडतं ते वेगळंच: घाईत दुकानदार फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतो. पुढच्या वर्षी पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच्याकडे जातो. त्यामुळे सबमिटच्या आधी या दोन रकान्यांवर बोट ठेवून वाचायची सवय लावतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन मात्र वर्गातच उरकतं: सेटिंग्ज, अकाउंट, सहा अंकी पिन. ईमेल जोडायला मुलं कंटाळा करतात. पिन विसरला आणि ईमेल नसला तर सात दिवस थांबावं लागतं.

ओटीपीचा फोन पालकांकडे, म्हणून पालकसभेत दहा मिनिटं मागून घेतो. ओटीपीचा मेसेज अख्खा वाचा, तो कशासाठी आहे ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच, तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, नातेवाइकांना नंतर.