गेंड्यावरचे हिम

स्नो ग्लोब, म्हणजे हलवला की आत हिम पडताना दिसणारा पाण्याने भरलेला काचेचा गोळा, घरी करायचा तर त्यातले सगळे जग आधी झाकणावर उभे करावे लागते, हे मुलांच्या गळी उतरवण्यात माझी अर्धी सकाळ गेली. बरणीच्या तळाशी घर चिकटवायचे, वरून पाणी ओतायचे आणि झाकण लावायचे, अशी त्यांची सरळसोट कल्पना होती. प्रत्यक्षात घर चिकटते ते झाकणाच्या आतल्या बाजूला. बरणी काठोकाठ भरायची, झाकण घरासकट उलटे करून पाण्यात बुडवायचे, घट्ट फिरवायचे आणि मग सगळी बरणी पालथी घालायची, की झाकणाची जमीन होते आणि तळाचे आकाश. “म्हणजे तोपर्यंत सगळे डोक्यावर उभे?” असे धाकट्याने विचारले आणि भिंतीला पाय टेकून स्वतः तसे उभे राहून पाहिले.

नाताळच्या सुट्टीत मुलांना हाताशी धरून काहीतरी घडवावे, हा उत्साह मुळात माझा होता. मुलांनी तो सुरुवातीला केवळ सहन केला, हे कबूल करायला हरकत नाही. साहित्य फारसे लागत नाही. फिरकीच्या झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या, पाण्यात न सुटणारा इपॉक्सी गोंद, ग्लिसरीन, चमकी, उकळून घेतलेले पाणी आणि आत ठेवायला काहीतरी. या शेवटच्या ‘काहीतरी’वरून घरात जो वाद पेटला तो बाकीच्या सगळ्या साहित्याला पुरून उरला. थोरलीने जुन्या खेळण्यांतून लाल छपराचे घर आणि एक सूचिपर्णी झाड शोधून काढले होते. धाकट्याने गेंडा आणला. गेंड्यावर बर्फ पडत नसतो, असा थोरलीचा आक्षेप होता आणि तो बिनतोड होता. पण हिमयुगात अंगभर दाट लोकर असलेले गेंडे युरोप-आशियाच्या थंडगार माळांवर चरत असत, हे माझ्या तोंडून निघून गेले, आणि त्या एका वाक्यासरशी मी पंच न राहता पक्षकार ठरलो.

गेंड्याची खरी अडचण वेगळीच निघाली. तो बुटका होता. बरणी पालथी घातली की झाकणाची कड कुंपणासारखी वर येते आणि तिच्याआड जे काही असेल ते पोटापर्यंत झाकले जाते. म्हणून त्याच्या पायांखाली बाटलीचे एक प्लास्टिकचे बूच चिकटवून चौथरा करावा लागला, आणि चौथऱ्यावर चढताच तो एखाद्या जुन्या सेनापतीच्या पुतळ्यासारखा रुबाबदार दिसू लागला. थोरलीने तोवर घराच्या खिडक्यांना पोस्टर कलरचा पिवळा रंग दिला होता. वाटीभर पाण्यात घर बुडवून पाहिले तेव्हा खिडक्यांतला उजेड पाण्यात विरघळून गेला. मग कपाटातून नेलपॉलिश निघाले. ते पाण्याला दाद देत नाही. गोंद मात्र मी स्वतः लावला आणि तो पुरता वाळायला २४ तास लागतात, असे जाहीर केले. त्या २४ तासांत “वाळला का?” हा प्रश्न किती वेळा आला, त्याची नोंद कुणी ठेवली नाही हे बरे झाले.

दुसऱ्या दिवशी पाण्याकडे वळलो, आणि इथून पुढे मुलांपेक्षा मीच जास्त रमलो. साध्या पाण्यात चमकी टाकली तर दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही मनाविरुद्ध असतात. काही कण पाण्याच्या पृष्ठताणामुळे वरच सायीसारखे पसरून राहतात, आणि जे बुडतात ते घाईघाईने तळ गाठतात. पहिल्या दुखण्यावर भांडी घासण्याच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो. एकच, कारण धाकट्याने चार घातले आणि हिमवर्षावाऐवजी फेसाचा डोंगर उभा राहिला. दुसऱ्या दुखण्यावर औषध म्हणजे ग्लिसरीन. २० अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे १४०० पट घट्ट असते, आणि तरीही त्यात तितकेच पाणी मिसळले की तो घट्टपणा एकदम सहा-आठ पटींवर उतरतो. इतका मोठा आकडा एवढ्या लवकर शरण येतो, याचे मला अजून नवल वाटते. आम्ही तीन पेले मांडले: एकात निव्वळ पाणी, दुसऱ्यात पाव हिस्सा ग्लिसरीन आणि तिसऱ्यात निम्मे. चमकी ढवळून मुले मोठ्याने आकडे मोजत बसली. पहिल्या पेल्यात आकडे दहापर्यंत पोचण्याआधीच सगळे संपले, दुसऱ्यात कण रमतगमत उतरले, आणि तिसऱ्यात ते इतके रेंगाळले की धाकटा मोजणी सोडून निघून गेला. थोरलीने दुसरा पेला निवडला. घराच्या खिडकीपाशी आलेला कण खिडकी ओलांडताना दिसला पाहिजे, पण तिथेच राहायला आल्यासारखा वाटता कामा नये, असे तिचे म्हणणे होते, आणि माझ्या मते या विषयात त्याहून नेमके काही सांगता येणार नाही. चमकीही बरणीला अर्धा चमचा पुरते. मुलांचा हात अर्थातच अर्ध्या चमच्यावर थांबत नाही. गेंड्याच्या बरणीत त्यामुळे असे वादळ येते की बराच वेळ गेंड्याचे शिंगसुद्धा दिसत नाही.

पडण्याला उशीर करण्याचा हा खटाटोप जुना आहे. १८७८ साली पॅरिसमध्ये जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात पाण्याने भरलेले काचेचे पोकळ पेपरवेट होते. आत छत्री घेतलेला माणूस आणि हलवले की त्याच्यावर हिमासारखी उतरणारी पांढरी पूड. आज दिसणारा स्नो ग्लोब मात्र व्हिएन्नातल्या एर्विन पेर्झी यांच्याकडून आला. ते शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे कारागीर होते आणि १९०० सालच्या सुमारास शस्त्रक्रियेच्या खोलीतला विजेचा मिणमिणता दिवा अधिक प्रखर कसा करावा, या विवंचनेत होते. चांभार लोक मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून तिचा उजेड कामावर एकवटत असत. तीच युक्ती त्यांनी दिव्यापुढे करून पाहिली आणि उजेड वाढावा म्हणून पाण्यात निरनिराळे कण मिसळले. त्यात एकदा रवा पडला. रव्याने उजेड काही वाढला नाही, पण तो भिजून इतका हलकेच खाली उतरू लागला की पेर्झींना हिमवर्षाव आठवला, आणि गोळ्यात ऑस्ट्रियातल्या मारियाझेल या तीर्थक्षेत्राच्या चर्चची लहानशी प्रतिकृती जाऊन बसली. त्यांचे वंशज आजही व्हिएन्नात हाच व्यवसाय करतात आणि आतले हिम कशाचे असते, हे गुपित घराबाहेर जाऊ देत नाहीत.

ही हकिगत सांगताना मला स्वतःलाच एक गोष्ट उमगली, ती म्हणजे आमच्या बरण्याही अजून तो जुना दिवाच आहेत. पाण्याने भरलेली गोल काच हे भिंगच असते, आणि थेट उन्हात ठेवलेला स्नो ग्लोब किरण एकवटून जवळचा पडदा किंवा कागद पेटवू शकतो. खिडकीत हौसेने मांडलेल्या दोन्ही बरण्या मी तत्काळ आतल्या कपाटावर हलवल्या. याच भिंगामुळे बरणीतली प्रत्येक वस्तू आडवी फुगलेली दिसते; उंची तीच राहते आणि रुंदी वाढते. घर ऐसपैस झाले, ते थोरलीला आवडले. आधीच गेंडा, त्यात भिंगाआड. त्याच्याविषयी बोलायलाच नको.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी गेंड्याच्या बरणीत बुडबुडा दिसला. वाटाण्याएवढा, अगदी आकाशाच्या मधोमध. दोष माझा होता. पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते, इथवर ठीक. पण ते पुरते गार होण्याआधी झाकण लावले तर नंतर पाणी आकसते आणि रिकामी झालेली जागा कुठून तरी हवा येऊन भरते. पिट्सबर्गच्या जोसेफ गराजा यांनी १९२७ साली पेटंटसाठी अर्ज केला तो याच डोकेदुखीवरचा उपाय म्हणून, गोळ्याची जुळणी पाण्याखालीच करण्याची पद्धत काढून. बादलीभर थंड पाण्यात झाकण पुन्हा लावू या, असे मी सुचवलेही. धाकटा मात्र बरणी हातात घेऊन तिरकी करत होता आणि बुडबुडा नेमका उंच बाजूला सरकत होता. गवंड्याच्या हातातल्या लेव्हलमध्ये असाच बुडबुडा असतो, हे त्याने कुठेतरी पाहिलेले होते.

त्यानंतर दिवसभर तो बरणी घेऊन घरातले सपाट पृष्ठभाग तपासत फिरला. ओटा सरळ निघाला. पुस्तकांचे कपाट जरा डावीकडे कलते. जेवणाच्या टेबलावर तर गेंड्यावरचा बुडबुडा थेट कडेला जाऊन बसला, आणि वर्षानुवर्षे माझ्याच बाजूला आमटी का ओघळते, याचा उलगडा झाला. संध्याकाळी टेबलाच्या एका पायाखाली वहीच्या कागदाची घडी गेली. बुडबुडा अजून पुरता मधोमध आलेला नाही. आणखी एक घडी लागेल, असे त्याचे म्हणणे आहे.